गोदा धवलारणीचा वाटा

चांगोने विचुंब्यातली आपली तीस गुंठे भातजमीन बिल्डरला विकली आणि चार वर्षांनी तिच्यातलाच थोडासा भाग परत विकत घेतला. फरक एवढाच, की विकली तेव्हा जमीन जमिनीवर होती आणि घेतली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर. विकताना गुंठ्याने गेली, घेताना चौरस फुटाने आली. मधल्या काळात विक्रीचे पैसे लेकीच्या, सुमतीच्या, हळदीत सहाशे माणसांच्या पोटात गेले, आणि उरले त्याची एक जुनी टाटा सुमो आली. सुमो आता बिल्डिंगच्या मागे उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबड्यांच्या घरावर कर्ज नव्हतं.

चांगोच्या घरावर होतं. वीस वर्षांचं.

बिल्डिंगचा वॉचमनही चांगोच होता. जागेची माहिती असलेला माणूस बरा, असं बिल्डरला वाटलं. माहिती जरा जास्तच निघाली. नव्या भाडेकरूला तो सांगायचा, "तुमची मोटरसायकल त्या राबात लावा, नि स्कूटर बांदाच्या अल्याड." माणूस मग बराच वेळ डांबरावर भाताच्या रोपांचा राब आणि बांध शोधत राही. आपल्या फ्लॅटची बेडरूम पूर्वीच्या उखळी नावाच्या खाचरावर येते आणि हॉलखाली नेहमी पाणी साचायचं, हेही चांगो सगळ्यांना सांगे. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट विकायचे राहिले होते.

घरात चार माणसं. चांगो, त्याची बायको गोदा, मुलगा रूपेश आणि सून प्राजक्ता. रूपेश इलियासशेठच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता. न्हावा शेव्याच्या गेटाबाहेरच्या रांगेत उभं राहणं हे त्याचं मुख्य काम आणि मधूनमधून गाडी चालवणं हे जोडकाम. पगार खेपेवर. रांगेतले तास शेठ धरत नसे, बंदरवाले धरत नसत आणि बँक तर कुठलेच तास धरत नसे. प्राजक्ता पेणची, बारावी कॉमर्स. नवीन पनवेलला औषधाच्या दुकानात नऊ तास उभी राही. रविवारी दुकान अर्धा दिवस. घरी आली की मिठाच्या गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसे आणि हिशेब करी. पाय पाण्यात असले की तिचं डोकं चांगलं चाले.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मी काढलं. हप्ता सहा हजार सातशे. तिघांचे मिळून येतात तेरा हजार. म्हणजे महिन्याचे पहिले सोळा दिवस आपण बँकेसाठी राबतो. सतरा तारखेपासून आपल्यासाठी."

चांगोने विडी कानामागून काढली, पुन्हा कानामागे ठेवली. फ्लॅटमध्ये विडी ओढायला प्राजक्ताची बंदी होती.

"अर्देलीच झाली की ही. माजा बापूस खोताची करायचा तशी. अर्दा भात खोताला, अर्दा आपल्याला."

"पण खोत वीस वर्षांनी जमीन देत होता का?"

"छ्या! खोत कनाला देतंय?"

"बँक देणार."

"मंग खोतापरीस बँक गरीब दिसते," चांगो म्हणाला आणि त्याला बँकेची जरा कीव आली.

रूपेश जमिनीवर आडवा पडला होता. तो म्हणाला, "मग असं कर ना, कोनाच्या कामानं कंची खोली झाली ते सांग."

प्राजक्ताने पाय टबात हलवले. "तुमचे निम्म्याहून जास्त. तुमचा हॉल आणि किचन. माझं बेडरूम. बाबांचं संडास-बाथरूम आणि बाल्कनी."

चांगो खूश झाला. "संडास माजा? मंग उद्यापासून मना इचारून जायाचं सगल्यांनी."

सगळे हसले. किचनच्या दारात गोदा जवळा निवडत बसली होती. सुपातला कचरा बोटाने बाजूला सारत ती म्हणाली, "आनि मी?"

"आई, तुमचं सगळंच आहे की," प्राजक्ता म्हणाली.

"सगलं म्हंजे कवरं? लादी सांग. ही माजी, ती माजी, अशी दाखव."

प्राजक्ताने लाद्यांकडे बघितलं. हिशेबाला ती पक्की होती, आणि हिशेबात गोदाची लादी निघत नव्हती. तिने पाय पुसायला घेतले.

गोदाने सूप उचललं. "म्हंजे मी पावनी. असूंदे. पावन्याला च्या तरी करून द्यावा लागत नाय. हितं तोबी पावनाच करतंय."

कर्ज काढायला गेले तेव्हाची गोष्ट तिच्या मनात होती. बँकेत साहेबाने एकेकाची कमाई विचारली. रूपेशने आपली सांगितली, बायकोची सांगितली, बापाची सांगितली. साहेब म्हणाला, "आणि आई काय करतात?" रूपेश म्हणाला, "काय नाय. घरीच असते." गोदा तिथेच खुर्चीवर होती. आदल्याच दिवशी ती ओवळ्याचं तीन दिवसांचं लग्न गाऊन आली होती. घसा असा बसला होता की तिला हरकतसुद्धा घेता आली नाही.

कारण गोदा धवलारीण होती. आजूबाजूच्या दहा गावांत तिचा गळा नावाजलेला. तिकडे लग्नात भटजी मागाहून आला. त्याआधी धवलारीणच लग्न लावायची, आणि भटजी आला तरी ती गेली नाही. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी घरात घेईपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा. तो म्हटला नाही तर नवरा पाटावर बसत नाही आणि बसला तर उठत नाही. धवल्यात घरच्या देवांना, गावच्या देवांना, मेलेल्या आजापणज्यांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं. कोणाचं नाव राहिलं तर तो रुसतो. मेलेल्याची समजूत काढणं अवघड.

आणि याचे पैसे ठरवायचे नसत. तसा रिवाज. लग्नघरची बाई नारळ-सुपारी घेऊन येते, धवलारणीच्या ओटीत घालते, की झालं. मग लग्न उरकल्यावर घरची माणसं देतील तो मान: एक लुगडं, पायलीभर तांदूळ, एकावन्न रुपये. कोणी एकशे एक दिले तर गावात बोलबाला होई. गोदाने तीस वर्षांत तोंडाने एक रुपया मागितला नव्हता. तिच्या सासूनेही नाही. कपाटात एकावर एक लुगडी साठली होती आणि बँक लुगडी घेत नव्हती.

त्या साली जगात मंदी आली. अमेरिकेत लोकांनी घरांचे हप्ते भरायचे थांबवले, असं पेपरात आलं. त्यामुळे तिकडे माल जाईना, न्हावा शेव्याला कंटेनरचे डबे कमी झाले, डबे कमी म्हणून रूपेशच्या खेपा कमी झाल्या, आणि त्यामुळे विचुंब्यात घराचा हप्ता भरायचा थांबला. चांगोला ही साखळी लगेच पटली. "म्हंजे बांद त्यांनी फोडला नि पानी आपल्या खाचरातलं गेलं."

दोन हप्ते थकले. आता प्राजक्ताच्या हिशेबाने ते चोवीस तारखेपर्यंत बँकेचे होते आणि पुढच्या सहा दिवसांत त्यांना महिन्याभराचं खायचं होतं. जवळ्याची चटणी रोज झाली. प्राजक्ता चालत दुकानात जाऊ लागली. रूपेश घरी बसून आपल्याच हॉलमध्ये चोरासारखा वावरू लागला.

मग बँकेचा माणूस आला. हेल्मेट काखेत, मिशा व्यवस्थित, बोलणं मऊ. गेटावर वॉचमनने त्याला अडवलं.

"कोनाकडं?"

"दुसरा मजला. चांगो म्हणून आहेत, त्यांच्याकडे."

"काय काम?"

"हप्त्याचं जरा."

वॉचमनने डोक्यावरची टोपी सरळ केली. "ते घरी नायत."

"कधी भेटतील?"

"काय सांगता येत नाय. मानूस लय कामात आसतंय."

एवढ्यात वर बाल्कनीतून गोदाने हाक दिली, "अवो! जेवाला या, भाकर गार होते!"

साहेबाने वर बघितलं, मग वॉचमनकडे बघितलं. चांगोने बाल्कनीकडे पाहत दुसऱ्याच कोणाला हाक मारल्यासारखा चेहरा केला. पण अंगणात एक कोंबडी सोडली तर दुसरं कोणी नव्हतं.

"महिनाअखेरपर्यंत दोन्ही हप्ते भरा, काका," साहेब म्हणाला. "तिसरा चुकला की माझ्या हातात राहत नाही. मग दारावर नोटीस लागते, कुलपाचं बघावं लागतं. मला बरं वाटत नाही असलं काम."

"नका करू मंग," चांगो मनापासून म्हणाला.

साहेब हसला. पाणी प्यायला आणि गेला.

महिनाअखेरीला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी गावातली कृष्णाबाई आली. तिच्या घरची दोन एकर नुकतीच बिल्डरला गेली होती आणि चांगल्या भावाने गेली होती. अंगणात दोन बोलेरो, बोटांत सहा अंगठ्या, आणि आता धाकट्या मुलाचं, धीरजचं, लग्न. हळदीला बाळूची बँजो पार्टी ठरवली होती, अडीच हजार माणसांचं मटण. तिने ओटीचा नारळ कुंकू लावून आणला होता. तो गोदाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "गोदा, परवापासून तीन दिस. तू आलीस तर मांडव उबा ऱ्हाईल."

"येन की गो. धीरजच्या आजीचं लगीनबी माज्या सासूनंच गायलं."

इथपर्यंत सगळं रिवाजाप्रमाणे झालं. तेवढ्यात हॉलच्या मालकाने, म्हणजे रूपेशने, तोंड उघडलं.

"काकी, या टायमाला आईचे पाच हजार होतील."

कृष्णाबाईने त्याच्याकडे बघितलं.

"तीन दिस, रोजचे अकरा-बारा तास," रूपेश घाईघाईने म्हणाला. "प्राजक्तानं हिशेब काडलाय. बाळूची पार्टी तीन तास वाजवते नि पंदरा हजार घेते."

गोदाच्या अंगावर कोणी गरम पाणी ओतल्यासारखं झालं. "रूपेश! गप ऱ्हा!"

कृष्णाबाईने वाकून जमिनीवरचा नारळ उचलला, पिशवीत टाकला आणि पदर खांद्यावर घेतला.

ठेवलेला ओटीचा नारळ परत उचललेला गोदाने आजवर पाहिला नव्हता. कोणाच्याच बाबतीत नाही. हात धरून मांडवाबाहेर काढलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

"भाव करूनच धवला घ्यायचा, तर बाजारात शीडी मिलते तीस रुपयाला," कृष्णाबाई दारातून म्हणाली. "बाळू लावील."

जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या. रूपेश म्हणाला, "आई, मी चांगल्यासाठीच—"

"काय नाय. तुजी आई घरीच आसते," गोदा म्हणाली आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याला भाकरी मात्र ती पहिल्याइतक्याच वाढत होती, फक्त जरा लांबून.

इलियासशेठ त्याच संध्याकाळी आले होते. पनवेलच्या जुन्या घरातले, पांढरी दाढी, इस्त्रीचा पठाणी. गेटापाशी चांगोच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. गोदाने चहा नेऊन दिला.

"चांगोभाई, मी रूपेशला उचल दिली असती," ते म्हणाले. "पण चार गाड्यांतल्या दोन उभ्या आहेत. त्यांचे हप्ते मी भरतोय. वहिनी, अल्लाची कसम, आज पनवेलात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या बँकेचा वॉचमन आहे."

नारळाची गोष्ट चांगोने त्यांना सांगितली. शेठनी चहाची बशी खाली ठेवली.

"आमच्यात काझीसाहेबांची फी निकाहच्या आधी ठरते. सर्वांसमोर. त्यात शरम कसली?"

"आमच्यात नाय तसं," गोदा म्हणाली. "मी मागनार नाय. मान मागून घेतला तर तो मान कसला?"

"बरोबर," शेठ म्हणाले. "पण वहिनी, न मागणारा माणूस पाहिला की लोकांना वाटतं, याला भूकच नाही."

हे वाक्य गोदाला आवडलं नाही. म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं.

हळदीच्या दिवशी दुपारपासून बाळूचे भोंगे सुरू झाले. कृष्णाबाईचं घर बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर; भोंगे एवढे, की हाकेची गरज नव्हती. ऊन वैशाखाचं. बिल्डिंगमधली निम्मी माणसं तिकडेच गेली होती. चांगोही गेटावरची खुर्ची मांडवाच्या बाजूला वळवून बसला होता. गोदा गच्चीवर सांडगे वाळत घालत होती. तिने ठरवलं होतं, कान द्यायचा नाही.

चारच्या सुमाराला बँजो थांबला. बाळू माइकवर म्हणाला, "आता नवरदेव पाटावर बसत आहेत. सादर करीत आहोत, अस्सल आगरी धवले!"

खरखर झाली आणि आवाज आला.

गोदाचा हात सांडग्यावर थांबला. आवाज ओळखीचा होता. वरच्या सुराला जरासा चिरत होता, तसा तिचाही चिरायचा. शब्द ओढून शेवटी खाली सोडायची पद्धत तिच्या सासूची होती, आणि सासू जाऊन वीस वर्षं झाली होती.

"ह्यो तर माजा गला हाय," गोदा गच्चीला म्हणाली.

सात वर्षांपूर्वी एका लग्नात बाळू काळा डबा घेऊन तिच्या शेजारी बसला होता. "मावशी, आठवन म्हणून भरून घेतो," म्हणाला होता. त्या आठवणीच्या त्याने तीस रुपयांना एक अशा सीड्या काढल्या होत्या. कव्हरवर भलत्याच बाईचा फोटो होता, नऊवारी नेसलेली, विशीतली. गळा मात्र गोदाचा.

आधी तिला राग आला. मग आपलाच आवाज एवढ्या मोठ्याने ऐकताना, खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. आणि मग तिला आठवलं, ते लग्न कोणाचं होतं.

ते हिराजीचं होतं. कृष्णाबाईच्या शेजारच्या हिराजीचं. ज्याच्याशी कृष्णाबाईच्या नवऱ्याचा बांधावरून नऊ वर्षं कोर्टात दावा चालला होता, आणि ज्याला आज अख्ख्या गावात एकट्याला आमंत्रण नव्हतं.

गोदा हातातला सांडगा खाली ठेवून कठड्याशी आली. धवल्यात आता गणपती आला होता, त्याच्यामागून एकवीरा आई येईल, मग गावदेव, आणि गावदेवाच्या मागून नवऱ्याचं नाव. ओरडून सांगितलं असतं तर अजून वेळ होता. तिने तोंड उघडलं. मग नारळ आठवला. तिने तोंड मिटलं आणि सांडगे उलटे करून ठेवू लागली.

भोंग्यातून स्वच्छ आवाज आला:

"पाटावरी बैसला हिराजी नवरा गो,
हिराजीच्या बापाचा मांडव साजरा गो..."

मांडवात कुठूनतरी एक बाई फिसकन हसली, आणि मग अडीच हजार माणसं हसली. भोंग्यातली गोदा थांबत नव्हती. ती हिराजीच्या आजाला बोलावत होती, पणजाला बोलावत होती, आणि ज्या चुलत्याने पहिल्यांदा बांध सरकवला त्यालाही "मानाचा पाट" देत होती. धीरज अंगभर हळद लावून पाटावर बसला होता आणि हळद दुसऱ्याच्या नावाने चढत होती. बाळूने बटण दाबलं. गडबडीत आवाज आणखी मोठा झाला. पलीकडे स्वतःच्या ओट्यावर हिराजी आला, त्याने आवाजाच्या दिशेने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कृष्णाबाय, लय मोटं मन तुमचं! दुसऱ्यांदा हलद कोन लावतं कोनाला?"

चांगो दोन-दोन पायऱ्या चढत धापा टाकत गच्चीवर आला. "गोदे! ऐकलास?"

"मी सांडगे घालते," गोदा म्हणाली.

"अगं, ती हिराजीच्या पनज्याला जेवाला बोलवून बसली!"

"ती म्हंजे मी."

"तूच की गं!" चांगो म्हणाला आणि त्याला असं हसू आलं की तो गच्चीच्या टाकीला टेकून खाली बसला. गोदाही हसली. नारळानंतर पहिल्यांदाच.

पाच मिनिटांत बोलेरो बिल्डिंगखाली आली. कृष्णाबाई स्वतः आली होती, अंगठ्यांवर हळद लागलेली. तिच्या हातात नारळ होता. तोच. कुंकू सुकून काळं पडलं होतं.

"गोदा, चल. पोर पाटावरनं उठत नाय. म्हातारी सासू म्हनते, हिराजीच्या पूर्वजांना परत धाडल्याबिगर हलद लागायची नाय."

"परत धाडायचा धवला येगला हाय," गोदा म्हणाली. "शीडीत नसंल."

"काय घेशील ते सांग. पाच म्हनला ना रूपेश? पाच घे."

रूपेश जिन्यात उभा होता. त्याने आईकडे बघितलं. प्राजक्ता हळदीसाठी दुकानातून लवकर आली होती, तिनेही बघितलं. पाच हजार घेतले असते तरी एक हप्ता पुरता भरत नव्हता, पण पाच हे पाच होते.

"मी कदी मागितलं नाय," गोदा म्हणाली. "आजबी मागनार नाय. नारल घाल ओटीत. नि बाळूला सांग, माईक मना पायजे."

तिने हातपाय धुतले, कपाटातून वरचं लुगडं काढलं आणि बोलेरोत पुढच्या सीटवर बसली.

मांडवात गेल्यावर तिने आधी हिराजीच्या पूर्वजांना परत धाडलं, एकेकाचं नाव घेऊन, कोणाला न दुखवता. ते उठून गेले असावेत, कारण म्हातारी सासू शांत झाली. मग तिने धीरजच्या घरच्यांना बोलावलं. मागून मालू नावाची तिची जुनी जोडीदारीण ओळ ओढत होती. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. हळद चढली. मग शेवटी मानाचा धवला आला. त्यात कोणी काय दिलं ते नावानिशी म्हणायचं असतं: मामाने पितळी हंडा दिला, आत्याने अंगठी दिली. सगळे कान टवकारून बसतात, कारण आपलं नाव राहून गेलं तर पंचाईत.

गोदाने मामा घेतला, आत्या घेतली, मावशा घेतल्या. मग श्वास घेऊन त्याच सुरात म्हणाली:

"मांडववाल्याला दिले तीस हजार गो,
मांडव घालता झाली दुपार गो.
बाळूच्या बँजोला पंदरा हजार गो,
तीन तास वाजविला, भोंगा चार गो.
तीन दिस गाईल गोदा धवलारीन गो,
तिच्या ओटीला एक नारल गो,
तोबी परत नेलेला, सुकेला नारल गो..."

आणि शेवटचा "गो" तिने सोडला नाही. धरून ठेवला. मालूने मागून तो उचलला आणि दोघींनी मिळून धरला. रिवाज मोडला नव्हता. तिने काही मागितलं नव्हतं. ती फक्त कोणी काय दिलं ते म्हणत होती, तेही माइकवर.

बायकांत खसखस पिकली. पहिल्या रांगेत इलियासशेठ पाहुणे म्हणून बसले होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवत छताच्या कापडाकडे पाहिलं. पलीकडे ओट्यावर हिराजीने खुर्ची आणून मांडली.

कृष्णाबाईचं तोंड लाल झालं. पण ती बाई कच्ची नव्हती. अडीच हजार माणसं बघत होती आणि त्यांत नवरीकडची पण होती. ती उठली, कमरेची पिशवी काढली आणि म्हणाली, "बाळूला पंदरा, तर माज्या गोदेला सोला! अकरा माजे." मग ती वळली. "नि पाच बाळू देनार. ज्याच्या शीडीनं माज्या मांडवात हिराजी आनला, त्याचा दंड."

"काकी, माझा काय—" बाळू म्हणाला.

"तुज्या पंदरातनं कापते. वाजव!"

गोदाने "गो" सोडला. बाळूने बँजो उचलला आणि पाच हजार गेलेल्या माणसाने वाजवावा त्याहून बराच चांगला वाजवला. नाचता नाचता कृष्णाबाईने गोदाला हाताला धरून मध्ये ओढलं आणि कानात म्हणाली, "लबाड हायस."

"तुज्याच नारलानं शिकवलंय," गोदा म्हणाली.

सोमवारी ती रूपेशबरोबर बँकेत गेली. दोन हप्ते आणि दंड भरला. मऊ बोलणारा साहेब तिथेच होता. त्याने पावती दिली आणि चौकशी केली, "पैशाची सोय कशी केली मग?"

रूपेशने आईकडे बघितलं. मग खुर्चीत सरळ बसला. "आईनं भरले. आई धवलारीन हाय."

"म्हणजे काय करतात?"

"लग्नं लावते."

साहेबाने कौतुकाने मान हलवली. "अरे, हे उत्पन्न कर्ज काढतानाच दाखवायचं ना! आणखी लाख-दीड लाख मिळाले असते. टू बीएचके झाला असता."

रूपेशच्या डोळ्यांत चमक आली. गोदाने ती ओळखली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीतून उठवलं. "चल. घरी कोंबड्या उपाशी हायत."

त्या रविवारी प्राजक्ताने टबात पाय सोडले, पण हिशेब केला नाही. टब गोदाने भरून दिला होता आणि शेजारी स्वतःचाही एक भरला होता. हॉलच्या बरोबर मधोमध चटई टाकून ती बसली होती.

"दोन म्हयने आख्खं घर माजं," ती म्हणाली. "लाद्या मोजू नको. समद्या माज्या."

"हो आई."

दार वाजलं. चांगो ड्युटीवरून आला होता. त्याने चपला बाहेर काढल्या, टोपी हातात घेतली आणि उंबऱ्यातून विचारलं, "मालकीनबाय, येऊ का आत? नि संडास वापरला तर चालंल का?"

"ह्या खेपेला जा," गोदा म्हणाली.

रूपेश हॉलच्या कडेला अंग चोरून बसला. त्याच्याशी ती आता बोलत होती, पण भाडेकरूशी बोलावं तितकंच.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने ऐकलं आणि फोन आईपुढे धरला. "सुकापूरच्या आशालताबाई. त्यांच्या पोरीचं लगीन हाय. तुला इचारतायत."

गोदाने पाय टबातून काढले नाहीत. फोन कानाला लावला. पलीकडून आधी ख्यालीखुशाली झाली, मग तारीख झाली, मग आशालताबाईंनी जरा अडखळत विचारलं, की गोदाबाई, आजकाल तुमी काय घेता?

घरातली तिघं जण श्वास धरून बसली. संडासातलं पाणीसुद्धा वाजायचं थांबलं.

"मी कदी काय मागत नाय गो," गोदा म्हणाली. "तू नुसतं सांग, बँजोवाल्याला काय देनार हायस."